टाउनच्या नावाने आलेलं विजेचं पत्र

मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांच्या घरी कधी ना कधी एक पत्र येतं. वर टाउनचं बोधचिन्ह, आत मजकूर असा की अमुक तारखेपासून तुमची वीज टाउनने ठरवलेल्या दराने येईल, नको असेल तर कळवा. बरेच जण जाहिरात समजून ते फेकून देतात. फेकलं तरी नाव योजनेत जातंच, कारण न कळवणं हाच इथे होकार धरला जातो.

आधी बिल समोर घ्या. त्यात डिलिव्हरी आणि सप्लाय असे दोन भाग असतात. तारा, खांब, मीटर, वादळानंतरची दुरुस्ती हे सगळं डिलिव्हरीत येतं आणि ते एव्हरसोर्स, नॅशनल ग्रिड, पीएसई अँड जी किंवा पीजी अँड ई अशा तुमच्या भागातल्या वीजकंपनीकडेच राहतं. टाउन खरेदी करतं ती फक्त सप्लायची वीज. बिलही त्याच कंपनीचं येतं, सप्लायच्या ओळीत तेवढं नाव आणि दर बदलतो. वीज गेली तर फोन जुन्याच नंबरावर करायचा.

गावाने सगळ्या घरांसाठी मिळून वीज घेण्याच्या या पद्धतीला कम्युनिटी चॉइस ॲग्रिगेशन म्हणतात. पहिला कायदा मॅसॅच्युसेट्सने १९९७ साली केला आणि केप कॉड व मार्थाज व्हिनयार्डच्या गावांनी मिळून केप लाइट कॉम्पॅक्ट उभी केली. कॅलिफोर्नियाचा कायदा २००२ चा, पण पहिली योजना मरिन काउंटीत सुरू व्हायला २०१० उजाडलं. अशा योजनांना दोन तृतीयांश मतदारांची संमती सक्तीची करावी, असा प्रस्ताव त्याच वर्षी मतदानाला आला. पीजी अँड ई ने त्यावर चार कोटी डॉलरहून जास्त पैसे ओतले, तरी मतदारांनी तो पाडला. धंद्यात किती पैसा अडकलेला आहे याचा अंदाज यावरून यावा.

मॅसॅच्युसेट्समध्ये टाउन मीटिंग किंवा सिटी काउन्सिल ठराव करते, सल्लागार नेमला जातो, योजना राज्याच्या ऊर्जा विभागाला दाखवून नियामकाकडे मंजुरीला जाते. सल्लागाराला सहसा आगाऊ पैसे द्यावे लागत नाहीत. त्याचं मानधन दरातच मिसळलेलं असतं, साधारण युनिटमागे सेंटचा दहावा भाग. मंजुरीला पूर्वी वर्ष-दोन वर्षं सहज लागायची. खरी कसरत नंतर, निविदेच्या दिवशी. घाऊक बाजार तासातासाला हलतो, म्हणून पुरवठादार सकाळी दिलेला भाव संध्याकाळपर्यंतच टिकवतात. त्या दिवशी सही करण्याचा अधिकार मेयर किंवा टाउन मॅनेजरला आधीच दिलेला नसेल, तर ‘पुढच्या बैठकीत बघू’ म्हणेपर्यंत भाव गेलेला असतो. भाव पटला नाही तर सही न करता थांबताही येतं, आणि शहाणी टाउनं थांबतात.

‘स्वस्त’ या शब्दापाशी मात्र जरा थबका. टाउनचा दर एक ते तीन वर्षांसाठी बांधलेला असतो, तर कंपनीचा बेसिक सर्व्हिस दर, म्हणजे योजनेत किंवा खासगी पुरवठादाराकडे नसलेल्यांना लागणारा सप्लायचा दर, घरगुती ग्राहकांसाठी सहा महिन्यांनी बदलतो. न्यू इंग्लंडात वीज बऱ्याच अंशी नैसर्गिक वायूवर चालते आणि हिवाळ्यात तोच वायू घरं तापवायलाही लागतो, म्हणून हिवाळी दर चढतात. २०२२-२३ च्या हिवाळ्यात नॅशनल ग्रिडचा दर युनिटला सुमारे ३४ सेंटवर गेला. ज्या टाउनांचे करार आधीच्या वर्षी झाले होते, तिथले लोक त्याच्या निम्म्याहून कमी भरत होते. ६०० युनिट वापरणाऱ्या घराला महिन्याला शंभरेक डॉलरचा फरक! पण २०२३ च्या उन्हाळ्यात तोच दर १४ सेंटच्या आसपास उतरला आणि महागाईच्या महिन्यांत करार केलेल्यांची बाजू उलटी झाली. तेव्हा या महिन्याचा दर शेजारी ठेवून निर्णय घेऊ नका. कराराचा काळ बघा आणि त्यात किती हिवाळे येतात ते मोजा. पूर्ण मुदतीत बचत होईलच अशी हमी कुठलंही टाउन देत नाही. दिली असेल तर पत्र खरं आहे का, ते टाउन हॉलला विचारा.

शिकागोत नेमकं हेच घडलं. २०१२ च्या सार्वमतानंतर शहराने घाऊक करार केला, सुरुवातीला बचत झाली, मग कंपनीचा दर खाली आला आणि २०१५ मध्ये शहराने योजनाच गुंडाळली.

आता ‘हिरवी’ वीज. तारेतून कुठला इलेक्ट्रॉन आला हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून हिशेब प्रमाणपत्रांवर चालतो: १,००० युनिट सौर किंवा पवन वीज तयार झाली की एक प्रमाणपत्र. मेख प्रमाणपत्र कुठलं यात आहे. न्यू इंग्लंडच्या जाळ्याला वीज देणाऱ्या नव्या प्रकल्पांच्या प्रमाणपत्राला मॅसॅच्युसेट्सात ‘क्लास वन’ म्हणतात. ते न घेतल्यास पुरवठादाराला भरावी लागणारी रक्कम प्रमाणपत्रामागे ४० डॉलर आहे, म्हणजे युनिटला ४ सेंट ही साधारण कमाल किंमत. हरित विजेचा राज्याने सक्तीचा केलेला हिस्सा प्रत्येक दरात असतोच. त्यावर आणखी ५० टक्के क्लास वन घ्यायचं तर २ सेंटपर्यंत खर्च येतो. म्हणून कोणी अर्ध्या सेंटात १०० टक्के हरित वीज देत असेल, तर ती बहुधा टेक्साससारख्या दूरच्या राज्यातल्या जुन्या पवनचक्क्यांची कागदं असतात. ती खोटी नसतात, पण त्यांमुळे तुमच्या भागात नवा प्रकल्प उभा राहत नाही. मला विचाराल तर अशा १०० टक्क्यांपेक्षा क्लास वनचे जादा २० टक्के बरे.

कॅलिफोर्नियाची रचना वेगळी आहे. तिथे शहरं मिळून सार्वजनिक संस्था काढतात, आणि ती संस्था सल्लागारामार्फत एक करार करून मोकळी होत नाही, स्वतः बाजारात उतरते. राज्याच्या नियमानुसार सक्तीच्या हरित विजेपैकी ६५ टक्के वीज दहा वर्षांच्या किंवा त्याहून लांब करारांतून घ्यावी लागते, त्यामुळे या संस्थांच्या भरवशावर नवे सौर आणि बॅटरी प्रकल्प खरोखर उभे राहतात. जोखीमही त्यांचीच. रिव्हरसाइड काउंटीतली वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी २०२० मध्ये सुरू झाली, ऑगस्टच्या उष्णतेच्या लाटेत बाजारभाव भडकले, कोविडमुळे बिलं थकली, गंगाजळी साठलेली नव्हती. २०२१ मध्ये दिवाळखोरी. कोणाच्या घरची वीज गेली नाही, ग्राहक कंपनीकडे परतले एवढंच.

तिथल्या बिलात पीसीआयए नावाची एक ओळ असते. तुम्ही सोडून जाण्याआधी कंपनीने तुमच्यासाठी केलेले महागडे करार बाजारभावापेक्षा जितके वर असतील, तितका तुमचा वाटा. बाजार उतरला की ही ओळ फुगते आणि संस्थेने दाखवलेली सवलत खाऊन टाकते. म्हणून तुलना करताना निव्वळ सप्लायचा दर धरू नका, पीसीआयए मिळवूनच बघा.

आणि हो, सगळीकडे ही योजना नसते. मॅसॅच्युसेट्समधलं श्रूजबरी, कॅलिफोर्नियातली सांता क्लारा आणि पालो आल्टो इथे वीज कंपनीच गावाची आहे, तिथे प्रश्नच येत नाही. शेजारची सनीव्हेल आणि कूपर्टिनो मात्र सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी या संस्थेत आहेत, फ्रीमाँट आवा कम्युनिटी एनर्जी या संस्थेत. आधीच खासगी पुरवठादार घेतलेल्यांना मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सीत आपोआप ओढलं जात नाही. त्यांना यायचं असेल तर जुन्या कराराचा मुदतपूर्व दंड तपासून स्वतः यावं लागतं. छतावर सोलर असेल तर मॅसॅच्युसेट्समध्ये नेट मीटरिंगचं (जास्तीची वीज तारांत परत दिल्याचं) क्रेडिट बेसिक सर्व्हिसच्याच दराने मोजलं जातं, योजनेत गेल्याने ते घटत नाही. कॅलिफोर्नियात मात्र वार्षिक हिशेबाची तारीख सरकू शकते, ती आधी विचारून घ्या.

नकार कळवायला साधारण तीस दिवस असतात, पत्रासोबतच्या कार्डाने किंवा फोनवर. मॅसॅच्युसेट्समध्ये नंतरही कधीही दंडाशिवाय बाहेर पडता येतं, बदल पुढच्या एक-दोन मीटर रीडिंगला लागू होतो. कॅलिफोर्नियात पहिल्या साठ दिवसांनंतर कंपनीकडे परतलात तर वर्षभर तिथेच थांबावं लागू शकतं. टाउनची योजना दारोदार माणसं पाठवत नाही. कोणी दारात उभं राहून ‘जरा बिल दाखवा’ म्हणालं, तर तो खासगी पुरवठादाराचा विक्रेता आहे. बिलावरचा खातेक्रमांक त्याला दाखवू नका, तेवढ्यावर तो पुरवठादार बदलू शकतो.