सिस्टम३२ मध्ये 'डिलीट' नावाची फाइल

डेस्कटॉप सपोर्टमध्ये असल्यावर निम्मा दिवस पासवर्ड, प्रिंटर आणि 'नेट स्लो आहे' यात जातो, ते सांगण्यासारखं काही नाही. ही केस मात्र डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला की सी ड्राइव्ह लाल झालाय, जागा संपली. त्यांनी स्वतःच शोधाशोध केलेली. साइजनुसार फाइल्स लावून बघितल्या तर सगळ्यात मोठ्या फाइल्स विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये, म्हणजे जिथे विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स असतात तिथे. नावं बीके आणि पुढे काहीतरी आकडा, एक्स्टेन्शन नाही, आयकॉन कोरा. मॅडम म्हणाल्या, "अहो सर, रोज सकाळी एक नवीन आलेली असते आणि एक जुनी गायब झालेली असते, मी दोन-तीन दिवस लिहून ठेवलंय." युजरने कागदावर लिहून ठेवलंय हे ऐकूनच मी उठलो, कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींची भाषा साधारण 'कॉम्प्युटर नीट चालत नाही' एवढीच असते.

जाऊन बघितलं तर मोठ्या फाइल्स बाजूलाच राहिल्या, त्यांच्याच तारखेच्या आणखी चार छोट्या फाइल्स दिसल्या, आणि त्यांची नावं इंग्रजीत कॉपी, डिलीट, डन आणि चौथीचं नाव नुसतं ३०. डिलीट शून्य बाइटची, बाकीच्या अगदी काही बाइटच्या. सगळ्यांची वेळ रात्री दोन वाजून काही सेकंद. सिस्टम फोल्डरमध्ये रात्री दोनला 'डिलीट' नावाची फाइल तयार होते हे बघून कुणाचंही धाबं दणाणेल, मॅडमचं दणाणलं होतं आणि मागे उभे असलेले आमचे एक सहकारी तर लगेच म्हणाले, "रॅन्समवेअर आहे, नेटवर्क केबल काढ आणि फॉरमॅट मार." (रॅन्समवेअर म्हणजे फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस.)

हे सहकारी कामाला वाईट नाहीत, पण आमच्या क्षेत्रात एक जमातच आहे, जिला कळलं नाही की फॉरमॅट सुचतो. केबल काढणं बरोबर होतं, ती मी काढली. पुढचं थांबवलं.

सिस्टम३२ मध्ये हजारो फाइल्स असतात आणि त्यातल्या बहुतेकांची नावं बघून कुणालाही संशयच येईल. परफसी००९ डॉट डॅट हे काय आहे? परफॉर्मन्स काउंटरची फाइल, ००९ म्हणजे इंग्रजीचा भाषा क्रमांक. ड्रायव्हर टाकल्यावर कधीकधी एसईटीने सुरू होणाऱ्या टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या, फाइल्स राहून जातात. नावावरून ओळखायला गेलं की फसायला होतं, आणि नेटवर शोधलं तर अशा साइट्स सापडतात ज्या प्रत्येक फाइलबद्दल 'ही धोकादायक असू शकते, आमचा क्लीनर डाउनलोड करा' हेच लिहितात. २००१ मध्ये सल्फएनबीके नावाच्या फाइलबद्दल ईमेल फिरला होता की हा व्हायरस आहे, लगेच डिलीट करा. ती विंडोज ९८ मधली लांब फाइलनावं सांभाळणारी साधी युटिलिटी होती. पुढच्या वर्षी जेडीबीजीएमजीआर, तिचा आयकॉन टेडी बेअरचा, म्हणून लोकांना खात्रीच पटली, आणि ती निघाली जावाच्या डीबगरची फाइल. व्हायरस नव्हताच, लोकांनी स्वतःच्या हाताने चांगल्या फाइल्स उडवल्या.

तर नाव सोडून बाकीचं बघायचं. पहिलं, मालक कोण. विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सचा मालक साधारणपणे ट्रस्टेडइन्स्टॉलर हे विंडोजचं स्वतःचं खातं असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये डीआयआर स्लॅश क्यू दिलं की मालक दिसतो, इथे होता ॲडमिनिस्ट्रेटर्स. दुसरी तपासणी माझी आवडती आहे आणि फार कमी लोक करतात: हार्ड लिंक. सिस्टम३२ मधल्या विंडोजच्या बहुतेक फाइल्स खरं तर विनएसएक्सएस या विंडोजच्या कोठारासारख्या फोल्डरमधल्या फाइल्सचंच दुसरं नाव असतात, एफएसयुटिल हार्डलिंक लिस्ट दिलं की दोन्ही पत्ते दिसतात. या फाइल्सना दुसरा पत्ता नव्हता. म्हणजे विंडोजने आणलेल्या नाहीत. डिजिटल सिग्नेचरचा टॅब नाही म्हणून आमचे सहकारी मान हलवत होते, पण त्यावर मी विसंबत नाही, कारण विंडोजच्या कितीतरी अस्सल फाइल्समध्ये सही आत नसते, ती वेगळ्या कॅटलॉग फाइलमध्ये असते आणि प्रॉपर्टीजमध्ये टॅब दिसतच नाही. त्यासाठी सिगचेक हे सही तपासणारं टूल चालवायचं. आणि एसएफसी स्कॅननाऊ चालवून 'सगळं ठीक आहे' म्हणणाऱ्यांना तर मी हात जोडतो, ते टूल विंडोजच्या फाइल्स जागेवर आणि मूळ रूपात आहेत का एवढंच बघतं, बाहेरून आलेल्या जास्तीच्या फाइल्सबद्दल ते अवाक्षर काढत नाही.

मग मधेच एक गंमत झाली. सहकाऱ्यांनी पेन ड्राइव्हवरचं त्यांचं जुनं हेक्स व्ह्यूअर (फाइलमधले कच्चे बाइट दाखवणारं टूल) लावलं, सिस्टम३२ उघडलं, आणि त्यात एकही बीके फाइल नाही. एक्स्प्लोररमध्ये दिसतात, या टूलमध्ये नाहीत. "बघ, लपतायत! रूटकिट!" मॅडमचा चेहरा पांढरा पडला. रूटकिट म्हणजे स्वतःला लपवणारा व्हायरस, पण यात लपणं वगैरे काही नसतं. ते टूल ३२ बिटचं होतं, आणि ६४ बिटच्या विंडोजमध्ये ३२ बिटच्या प्रोग्रॅमने सिस्टम३२ मागितलं की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ या वेगळ्याच फोल्डरमध्ये नेऊन सोडतं. आणि नावांचा घोळ असा की सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइल्स असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. ज्याने हे पहिल्यांदा ऐकलं त्याला खोटंच वाटतं. ३२ बिटच्या प्रोग्रॅमला खरं फोल्डर बघायचं असेल तर पत्त्यात सिसनेटिव्ह लिहावं लागतं. मी तसं लिहून दिलं, फाइल्स दिसल्या, रूटकिट संपलं.

तरी ते थांबले नाहीत. हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढून व्हायरसटोटल या फाइल्स तपासणाऱ्या साइटवर टाकला तर कुठेच नोंद नाही. त्यांच्या मते याचा अर्थ एकदम नवा कोरा व्हायरस. मी म्हटलं, नोंद नाही म्हणजे ही फाइल कुणी तिथे टाकलेली नाही, एवढंच. मग ते फाइलच अपलोड करायला निघाले आणि तिथे मात्र माझा आवाज चढला. फाइलमध्ये काय आहे माहीत नसताना ती तिथे टाकायची नसते, हॅशवर थांबायचं. अपलोड केलेली फाइल त्यांच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांना डाउनलोड करता येते. थोड्याच वेळात मी आवाज का चढवला ते सगळ्यांनाच कळलं.

कारण मी बीके फाइलचे पहिले काही बाइट उघडले. प्रोग्रॅम असता तर सुरुवातीला एमझेड ही दोन अक्षरं असती (मार्क झ्बिकोव्स्की नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची आद्याक्षरं, ईएक्सई आणि डीएलएल फाइल्सच्या डोक्यावर आजही बसलेली आहेत). झिप असती तर पीके. इथे पहिल्या ओळीत आमच्या अकाउंट्सच्या डेटा फोल्डरचं नाव होतं. आणि २५७ बाइट पुढे यूस्टार असा शब्द. म्हणजे टार फाइल, कॉम्प्रेस न करता नुसत्या एकत्र बांधलेल्या फाइल्स. आत सगळा हिशेब, पगार, पार्टीवाइज येणी. हेच अपलोड होणार होतं.

आता कोण बनवतंय ते शोधणं सोपं. ठरलेल्या वेळी कामं चालवणारं टास्क शेड्युलर उघडलं, रात्री दोनला चालणारा एकच टास्क, विंडोजच्या स्वतःच्या सिस्टम अकाउंटवर, लास्ट रन रिझल्ट शून्य, म्हणजे यशस्वी. तो डी ड्राइव्हवरच्या बॅकअप फोल्डरमधली एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने कमांड लिहिलेली स्क्रिप्ट, चालवत होता. ती उघडली आणि हसावं की रडावं कळेना.

ज्याने लिहिली त्याला छान दिसावं म्हणून मेसेजमध्ये बाण हवे होते. एको (मेसेज दाखवायची कमांड) स्टेप १, मग -> आणि मग कॉपी स्टार्टेड. बॅच फाइलमध्ये > या खुणेचा अर्थ 'यापुढच्या नावाच्या फाइलमध्ये लिही' असा होतो, त्यामुळे स्क्रीनवर बाण यायच्या ऐवजी कॉपी नावाची फाइल तयार होत होती आणि तिच्यात 'स्टेप १ - स्टार्टेड' एवढं पडत होतं. दुसरी ओळ तर कहर: 'स्टेप २ -> डिलीट ओल्ड फाइल्स > ३० डेज'. दोन बाण, दोन फाइल्स, पहिली डिलीट रिकामी, मजकूर सगळा शेवटच्या ३० मध्ये. तिसऱ्या ओळीतून डन. ज्या फाइलने सगळ्यांची झोप उडवली ती एका बाणाची करामत. मॅडमना दाखवलं तर त्या इतक्या हसल्या की मागची केबिन उभी राहिली.

पण हे सगळं सिस्टम३२ मध्ये का? स्क्रिप्टच्या सुरुवातीला सीडी ही फोल्डर बदलायची कमांड देऊन डी ड्राइव्हच्या बॅकअप फोल्डरमध्ये जायला सांगितलेलं होतं. नुसतं सीडी ड्राइव्ह बदलत नाही, त्याला स्लॅश डी लागतो. टास्कमध्ये काम कुठल्या फोल्डरमधून सुरू करायचं ते सांगणारी स्टार्ट इनची चौकट रिकामी, आणि ती रिकामी असली की काम सिस्टम३२ मधून सुरू होतं. म्हणजे स्क्रिप्ट उठायची सी ड्राइव्हवरच्या सिस्टम३२ मध्ये, सीडीने काही हलायचं नाही, एरर काही यायची नाही, आणि पुढचं सगळं तिथल्या तिथे. बॅकअपही तिथेच.

पूर्वी हा बॅकअप सी ड्राइव्हवरच व्हायचा म्हणे. मग कुणीतरी (कंत्राटावर होता, गेला) दुसरी डिस्क लावली आणि स्क्रिप्टमध्ये सीचं डी केलं. एक अक्षर. टेस्टही केली, डबल क्लिक करून. डबल क्लिक केलं की स्क्रिप्ट स्वतःच्या फोल्डरमधूनच सुरू होते, ते डी वरच होतं, त्यामुळे सगळं व्यवस्थित चाललं. तिथे अजूनही त्या दिवसाची एक बीके फाइल आहे, शेजारी कॉपी, डिलीट, डन आणि ३० पण आहेत, त्यावरूनच मला खात्री पटली. त्यानंतर ज्याने ज्याने बॅकअप आहे का म्हणून तपासलं त्याला डी ड्राइव्हवर एक भलीमोठी फाइल दिसली आणि तो समाधानाने परत गेला. तारीख कुणी वाचली नाही. ऑडिटमध्ये सुद्धा 'बॅकअप उपलब्ध' असं टिकमार्क आहे, मी बघितलंय.

म्हणजे मूळ डेटा सी वर, त्याचा बॅकअपही त्याच डिस्कवर सिस्टम३२ मध्ये. डिस्क गेली असती तर दोन्ही गेले असते. आणि आमच्या सहकाऱ्यांचा फॉरमॅट झाला असता तरी दोन्ही गेले असते, वर 'व्हायरस काढला' म्हणून शाबासकी मिळाली असती. त्यांना हे मी बोललो नाही. पण ते तेव्हापासून जेवताना दुसऱ्या टेबलावर बसतात, म्हणजे कळलं असावं.

सगळ्यात ताजी फाइल बाहेरच्या डिस्कवर घेतली, उघडून मॅडमकडून आकडे जुळवून घेतले, मग सीडीला स्लॅश डी लावला, स्टार्ट इन भरलं, बाण काढले, रात्रीची एक फेरी होऊ दिली आणि मगच सिस्टम३२ मधल्या फाइल्स काढल्या. साहेबांनी रिपोर्ट वाचून विचारलं, "म्हणजे व्हायरस नव्हता ना?" नव्हता म्हटलं. "मग झालं तर." तिकीट 'अनोळखी फाइल्स काढल्या' या शेऱ्याने बंद. बॅकअपबद्दलचा माझा परिच्छेद कुणी वाचला की नाही देव जाणे, मीटिंगमध्ये एक जण म्हणालाच की बॅकअप होत तर होता ना, जागा चुकली एवढंच.

मला टोचतंय ते वेगळंच. जुन्या फाइल्स काढायचं काम फॉरफाइल्स ही कमांड करत होती, तीस दिवसांपूर्वीचं सगळं उडवायचं. फोल्डर सांगितलं नाही तर ती चालू फोल्डरवर चालते, म्हणजे इतके दिवस रोज रात्री ती सिस्टम३२ वर चालत होती. नशिबाने त्यात 'फक्त बीकेने सुरू होणाऱ्या' अशी अट होती, म्हणून बीके फाइल्सच तेवढ्या जात होत्या. अट नसती तर ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या ताब्यातल्या विंडोजच्या फाइल्स वाचल्या असत्या, सिस्टम अकाउंटलासुद्धा त्या अशा उडवता येत नाहीत, पण बाहेरच्या कंपन्यांनी तिथे टाकलेल्या डीएलएल (प्रोग्रॅम आणि ड्रायव्हरना लागणाऱ्या फाइल्स) एकेक करून साफ झाल्या असत्या आणि आम्ही प्रत्येक वेळी प्रिंटर ड्रायव्हर परत टाकत बसलो असतो.

म्हणून बाकीच्या मशीनवर हीच स्क्रिप्ट आहे का ते बघायला घेतलं. काहींवर आहे, त्याच माणसाच्या हातची, बाणांसकट. स्टोअर्सच्या मशीनवरच्या कॉपीत ती अट नाही. सीडी तसंच, स्टार्ट इन रिकामं. टास्क मात्र डिसेबल केलेला आहे. कुणी केला, कधी केला, का केला, काही पत्ता नाही, टास्कची हिस्टरी मुळात बंद असते आणि आमच्याकडे ती कुणी चालू केलेली नाही. स्टोअर्सवाल्यांना विचारलं तर म्हणतात आम्ही हात लावला नाही. प्रिंटरबद्दल विचारलं तर म्हणाले हो, मध्यंतरी तो फार त्रास द्यायचा, मग आपोआप नीट झाला.