माझी आवडती संख्या

गणित शिकवते म्हटलं की हमखास येणारा प्रश्न : तुमची आवडती संख्या कोणती? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा रामानुजन यांची १७२९ किंवा कापरेकरांची ६१७४ असते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, माझी ४,२९,४९,६७,२९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १.

सतराव्या शतकात फर्माने २ च्या घातांत १ मिळवून पाहिला. घातांक १, २, ४, ८, १६ असा दर वेळी दुप्पट. उत्तरं आली ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. पाचही मूळ संख्या! पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याला मनापासून वाटत होतं, पण सिद्धता हाती नव्हती. १७२९ मध्ये गोल्डबाखने ही गोष्ट पत्रातून ऑयलरच्या कानावर घातली आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की सहावी संख्या, म्हणजे माझी ही, ६४१ × ६७,००,४१७ आहे.

आज हा भागाकार मोबाइल क्षणात करतो. पण ६४१ च का, हे तो सांगत नाही, आणि मला ओढ त्या 'का'ची आहे. ६४१ कडे दोन तऱ्हांनी पाहा. एक, ६४१ = ६४० + १, आणि ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. दुसरी, ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. आता या दुसऱ्या रूपाला २ च्या २८ व्या घाताने गुणा. पहिल्या पदाचा ६४० चा चौथा घात होतो, दुसऱ्याचा २ चा ३२ वा घात. ही बेरीज ६४१ च्या पटीत आहे. तिच्यातून '६४० चा चौथा घात वजा १' काढून टाका. त्यालाही ६४१ ने भाग जातो, कारण ६४० + १ हा त्याचा अवयवच आहे. उरतं काय? २ चा ३२ वा घात अधिक १. नववीतल्या मुलीला कळेल एवढंच बीजगणित! मी हे फळ्यावर कितीदा मांडलं असेल, दर वेळी तेवढाच आनंद होतो.

हिची शेजारीणही सुंदर आहे. दोनाने लहान, ४,२९,४९,६७,२९५. फर्माच्या त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार नेमका एवढाच येतो. गाउसने १७९६ मध्ये कंपास-पट्टीने १७ बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते हे सिद्ध केलं, तेव्हापासून या संख्यांना भूमितीतही मान मिळाला. कंपास-पट्टीने काढता येते असं आज ठाऊक असलेली, विषम बाजूंची सर्वांत मोठी सुसम बहुभुजाकृती या शेजारणीइतक्या बाजूंची आहे. फर्माच्या मालिकेत सहावी मूळ संख्या सापडली, तर हा आकडा लगेच बदलेल. घातांक २ चा ५ वा घात असल्यापासून २ चा ३२ वा घात होईपर्यंतच्या सगळ्या संख्या संयुक्त निघाल्या आहेत. त्यापुढचीचा निकाल अजून लागायचा आहे.