आमची वाटचाल : टाकी, झाकण आणि लाल शाईची फळी

आम्ही मोटारसायकलींच्या पेट्रोलच्या टाक्या हाताने बनवतो. वाटचाल लिहायची तर पहिल्या टाकीपासून सुरुवात करायला हवी. पण आमची पहिली टाकी फार वाईट झाली होती, तिच्याबद्दल काही लिहीत नाही.

सुरुवातीला आम्ही दोघं होतो. पत्रा ठोकायचं काम भागीदाराचं, टिग वेल्डिंग माझं. वाळूची कातडी पिशवी, दोन लाकडी मोगऱ्या, एक चकचकीत पॉलिश केलेली हातोडी, एवढ्यावर तो 2 मि.मी.च्या 5052 जातीच्या अॅल्युमिनियमला हवा तो बाक द्यायचा. खोटं कशाला बोलू, तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. कुठे पत्रा ताणला गेलाय हे तो डोळे मिटून, नुसता तळवा फिरवून सांगायचा. तळवा अजून तसाच असणार. बाकीचं पुढे येईलच.

मॉडिफाय केलेल्या गाडीला टाकी बसवताना सगळे बघतात रंग आणि आकार. टाकी श्वास कुठून घेते हे कुणी विचारत नाही. पेट्रोल जेवढं खाली जातं तेवढी हवा वरून आत यायला हवी, आणि उन्हात वाफ तयार झाली की ती बाहेरही पडायला हवी. आम्ही यासाठी झाकणावर विसंबलो नाही. वेगळा निपल, म्हणजे नळी बसवायचं छोटं तोंड, काढायचो, आतली 6 मि.मी.ची नळी टाकीच्या सगळ्यात उंच जागेपर्यंत न्यायचो. ती उंची गाडी साइड स्टँडवर कललेली असताना बघायची, सरळ उभी असताना नाही, नाहीतर टाकी भरून गाडी लावली की नळीतून पेट्रोल ठिबकतं. बाहेरच्या नळीत गोळीचा व्हॉल्व्ह. गाडी उभी असताना गोळी खाली बसलेली, हवा जा-ये करते. गाडी आडवी-उलटी झाली की गोळी घसरून वाट बंद करते.

एकदा व्हॉल्व्हचा नवा लॉट आला. भागीदाराने आणला होता, हे मी आजवर चारचौघांत बोललो नव्हतो. बाहेरून तस्साच, तेच माप, तोच काळा रंग. आत गोळीऐवजी रबरी पडदा. एकमार्गी. वाफ बाहेर जायची, हवा आत यायची नाही. मी स्वतः तोंडाने फुंकून पाहिला होता, पण एकाच बाजूने. आमची टेस्ट म्हणजे निपल बंद करून 0.2 बार हवा भरायची आणि वेल्डिंगवर साबणाचं पाणी सोडायचं. त्यात टाकी फुटकी आहे का ते कळतं, गुदमरलेली आहे का ते कळत नाही. त्या लॉटच्या सगळ्या टाक्या पास झाल्या.

मग तक्रारी सुरू झाल्या. गाडी मस्त सुरू होते, वीसेक मिनिटांनी श्वास कोंडल्यासारखी आचके देते आणि बंद. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मेकॅनिकांनी कार्बोरेटर खोलले, जेट साफ केले, प्लग बदलले, कॉइलवर संशय घेतला. त्यात टाकी फुल असली की गाडी लवकर थांबायची आणि अर्धी असली की उशिरा, त्यामुळे पेट्रोल कमी पडत असेल हा विचारच कुणाला शिवेना. खरं तर फुल टाकीत वर हवेला जागा थोडी, म्हणून थोडंसं पेट्रोल गेलं तरी व्हॅक्यूम पटकन वाढतो. इंजेक्शनच्या गाड्यांची तऱ्हा आणखी वाईट. पंप ओढत राहतो, थांबत नाही. एका टाकीच्या दोन्ही कुशी आत गेल्या. 0.1 बारचा फरक पडला तरी 20 बाय 30 सें.मी.च्या सपाट पत्र्यावर साठ किलोंचा भार येतो. ती टाकी अजून शेडमध्ये टांगलेली आहे.

गुपित उघडलं ते आमच्या एका गिऱ्हाइकाने. विज्ञानाचे निवृत्त मास्तर, त्यांच्या जुन्या सिंगल सिलिंडरला आमची टाकी. गाडी बंद पडली तेव्हा त्यांनी प्लग काढला नाही, झाकण उघडलं. सुस्स आवाज आला. झाकण लावून पुन्हा निघाले, पुन्हा बंद, पुन्हा सुस्स. आमच्याकडे आले आणि पहिलं वाक्य, "अरे, तुमच्या टाकीचं नाक बंद आहे."

दुसऱ्या दिवशी ते एक फळी घेऊन आले. फळीवर यू आकारात पारदर्शक नळी, मध्ये सेंटिमीटरच्या खुणा, नळीत पाण्यात कालवलेली लाल शाई. नळीचं एक टोक टाकीला लावलं की आतला व्हॅक्यूम खुणांवर वाचता येतो. पेट्रोलच्या कॉकपासून कार्बोरेटरमधल्या फ्लोटपर्यंतचा हिशेब त्यांनी तिथेच खडूने शटरवर मांडला. टाकीतल्या पेट्रोलची पातळी फ्लोटच्या वर साधारण 20 सें.मी., पेट्रोलचं वजन पाण्याच्या पाऊणपट, म्हणजे 15 सें.मी. पाण्याएवढा व्हॅक्यूम झाला की धार थांबलीच. "स्ट्रॉने सरबत पिताना लहान पोरगं यापेक्षा जास्त ओढतं," म्हणाले. आम्ही इतकी वर्षं पत्र्याची जाडी मोजत बसलो होतो.

सगळ्या टाक्या परत मागवल्या. व्हॉल्व्ह बदलले, आत गेलेल्या टाक्या नव्याने करून दिल्या. कारखाना विकायची वेळ आली होती. आणि नेमक्या त्याच महिन्यात भागीदार हिशेब मागून बाजूला झाला. त्याचं दुकान उभं राहिलं, वर गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्यांच्या टाक्या गुदमरतात." लॉट कुणी आणला ते मात्र सांगत नव्हता. त्याने उपाय काय काढला? झाकणाला ड्रिलने भोक. नाव ठेवलं रेसिंग ब्रीदर. ब्रीदर म्हणजे टाकीची श्वासाची वाट. खऱ्या शर्यतीच्या गाडीला एफआयएम या मोटारसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांप्रमाणे ब्रीदरची नळी किमान 250 सी.सी.च्या कॅच टँकमध्ये, उसळलेलं पेट्रोल धरणाऱ्या डब्यात, सोडावी लागते, झाकणाला भोक पाडून चालत नाही. ब्रेक मारला की त्या भोकातून पेट्रोल उसळतं, ते एकतर रंगावर, नाहीतर चालवणाऱ्याच्या मांडीत, नाहीतर गरम इंजिनावर. तरी गर्दी त्याच्याकडे. भोक डोळ्यांना दिसतं ना.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. काम येत राहिलं.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. ब्रीदरचं भोक मोठं लागत नाही. गाडी तासाला पाच लिटर पिते असं धरलं तरी सेकंदाला दीड सी.सी.सुद्धा हवा लागत नाही. भोक मोठं नको, उघडं हवं. गंज थांबवायला टाकीत लायनिंग ओतता तेव्हा आधी ब्रीदरच्या नळीतून हवा मारत राहा, नाहीतर लायनिंग तिथेच जमून बसतं. पेंटरला झाकण देऊच नका. झाकणाच्या खाचेतून पावसाचं पाणी काढणारी नळी वेगळी आणि ब्रीदर वेगळा, टी लावून दोन्ही एक करू नका. नळीचं टोक सायलेन्सरपासून लांब, खाली, तिरकं कापलेलं. सरळ कापलं तर गाडी धुतल्यावर टोकाला थेंब धरून बसतो. सीट बसवल्यावर नळी चेपली नाही ना, हे हाताने चाचपा. आणि साधी पारदर्शक पीव्हीसी नळी वापरू नका, पेट्रोलने काही महिन्यांत काडीसारखी कडक होते. गळ्यापर्यंत पेट्रोल भरण्याची हौसही सोडा. पंधरा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त फुगतं, ते जाणार कुठे?

मास्तर आता नाहीत. फळी आहे. टाकी बाहेर जाण्याआधी झाकण लावून, कॉक सोडून, फळीसमोर रिकामी करतो. पाणी बोटभर हललं तरी टाकी परत टेबलावर.

मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं. टाकी भागीदाराची. बाक बघूनच ओळखली. निपल होता, आमच्यासारखाच, पण वर रबरी टोपी, म्हणजे नुसता शोभेला. झाकणाला भोक, आणि मांडीवर पेट्रोल उडतं म्हणून या पोराने ते भोक एपॉक्सीने बुजवलेलं. गाडी वीसेक मिनिटांनी बंद पडते म्हणत होता. मी टोपी काढून निपलला फळीची नळी लावली आणि कॉक सोडला. पाणी चढायला लागलं. पाच, आठ, अकरा. करंगळीएवढी धार दोऱ्याएवढी झाली.

तो बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "काका, पाणी लाल का आहे?"

"सरांची शाई आहे," म्हटलं, आणि निपलवरून नळी ओढून काढली. सुस्स झालं. धार पुन्हा करंगळीएवढी.