भातावर चहा

तेव्हा मी चाकणला एका प्लास्टिक पार्ट्सच्या कंपनीत टूलिंगला होतो आणि एका मोल्डच्या, म्हणजे पार्ट ज्यात बनतो त्या साच्याच्या ट्रायलसाठी नागोयाजवळच्या एका छोट्या टूलरूममध्ये मला तीन आठवडे पाठवलं होतं. तिथले जे सीनियर होते, साठीच्या आसपासचे, त्यांना तोंडावर आडनाव आणि पुढे सान लावायचो पण मनात मी त्यांना काकाच म्हणायचो.

त्या दिवशी सकाळपासून फ्लॅश येत होता. म्हणजे मोल्डच्या दोन भागांच्या फटीतून प्लास्टिकची पातळ पापुद्र्यासारखी कड बाहेर यायची. प्रेशर कमी केलं की फ्लॅश जायचा पण लगेच शॉर्ट शॉट, पार्ट अर्धवटच भरायचा, परत वाढवलं की परत फ्लॅश, असं करत करत रात्रीचे साडेनऊ वाजले. शेवटी काकांनी मोल्ड उतरवला, एका भागाला ब्लू, म्हणजे निळा रंग लावून मॅचिंग बघितलं तर एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत तो दुसऱ्या भागाला लागलाच नव्हता, म्हणजे तिथे दोन्ही भाग टेकतच नव्हते. आता त्याचं काम सकाळीच. भूक तर मेली होती.

काकांनी पॅंट्रीत दोन पाकिटं भात मायक्रोवेव्हला लावला, वाडग्यात काढला, वर एक छोटी पुडी फोडली. नोरीचे, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे तुकडे, तांदळाचे कुरकुरीत बारीक दाणे आणि हिरवट पावडर. मी विचारलं ही कसली, तर म्हणे चहा. आणि वरून किटलीतलं उकळतं पाणी! मी मनात म्हटलं झालं, आज उपास. (त्यात कुठेतरी वाचलेलं आठवलं की क्योतोत पाहुण्याला 'बुबुझुके घेणार का' विचारलं की त्याचा अर्थ 'आता निघा' असा असतो, बुबुझुके म्हणजे हाच भातावरचा चहा, एरवी त्याला ओचाझुके म्हणतात. पण काका स्वतःच भुरके मारायला लागले होते.)

पहिला घास घेतला आणि कळलं, यात दूध-साखरेचा काही संबंधच नाही. खारट, गरम, थोडं कडवट, मागे समुद्राचा वास. माझ्या जिभेला ते चहा-भात नाही तर सार-भात वाटलं. काकांनी त्यात उमेबोशी टाकलं, ते खारवलेलं आंबट फळ, मग तर विचारूच नका, लोणचं-पेज! आम्ही कोकणातले, पेजेवर वाढलेले.

ही पुडी नागातानिएन नावाच्या कंपनीची, 1952 पासून मिळते. काकांच्या लहानपणी पाकिटात हिरोशिगे या जुन्या चित्रकाराच्या, तोकाइदो या जुन्या रस्त्यावरच्या चित्रांची कार्डं यायची, ती ते जमवायचे. दिवसभरात मशीन सोडून पहिल्यांदाच काहीतरी बोलले. दारू-जेवण झाल्यावर शेवटी हेच खातात म्हणे, पोट शांत करायला. मी म्हटलं आमच्याकडे शेवटी ताकभात. ट्रान्सलेटरवर ताक समजावण्यात दहा मिनिटं गेली.

हॉटेलवर येऊन आईला व्हिडिओ कॉल केला, तिकडे साडेसात वाजले होते. सगळं ऐकून ती म्हणाली, "पातळ भात? ताप आलाय का रे तुला?"

दुसऱ्या दिवशी कोपरा दुरुस्त झाला, पार्ट ओके. शनिवारी काका हित्सुमाबुशी खायला घेऊन गेले, ही नागोयाची खासियत. लाकडी टोपल्यात भात, वर भाजलेली उनागी, म्हणजे आपल्या वामेची गोड्या पाण्यातली चुलत बहीण. भाताचे चार भाग करायचे. पहिला नुसता, दुसरा कांद्याची पात, वासाबी (झणझणीत हिरवी चटणी), नोरी घालून, तिसऱ्यावर गरम दाशी, म्हणजे जपानी सार ओतून, चौथा जसा आवडला तसा. काका समजावत होते तोवर मी दुसऱ्याच भागावर किटली रिकामी केली होती, ते इतके हसले की वेटरने दुसरी आणून ठेवली. (शाकाहारी लोकांनो, दाशी बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाची असते, आधी विचारा.)

फोटो आईला पाठवला. रिप्लाय आला, "अजून बरं नाही वाटत का?"