टिपेचे पहिले पाच डॉलर

क्रूझवरच्या नोकरीचा माझा करार चांगला जाडजूड होता, पण त्यात कामाची ओळ एकच. मूळ पगार अमुक, शिवाय टिप्स. दोन्ही मिळून ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरले तर फरक कंपनी देणार. नवीन आलेल्या प्रत्येकाला ही ओळ वाचून हायसं वाटतं. जहाज अर्धं रिकामं गेलं किंवा सगळे प्रवासी चिक्कू निघाले, तरी महिनाअखेर एवढे तरी पैसे हातात पडणार.

आता मी हॉटेलात पगारपत्रकं करते, त्यामुळे तीच ओळ टेबलाच्या दुसऱ्या बाजूने वाचता येते. जहाजावर प्रवाशांच्या खात्यात रोज माणशी ठरावीक टिप आपोआप चढते. त्या पैशांतून आधी कंपनीने कबूल केलेला फरक भरला जायचा. तो भरेपर्यंत प्रवाशांनी कितीही दिलं तरी माझी रक्कम तेवढीच. कमी व्हायचा तो कंपनीचा खर्च. त्या आकड्याच्या वर गेलं की मग माझं. प्रवाशांना यातलं काही ठाऊक नसतं. काही जण शेवटच्या दिवशी काउंटरवर रांग लावून ती टिप काढून टाकायला सांगत आणि काही जण ‘बिचाऱ्या पोरी किती राबतात’ म्हणून ती वाढवून देत. मंदीच्या महिन्यात दोघांचाही हिशेब शेवटी कंपनीशीच होत होता.

टिप बंद करून सरळ पगार द्यावा का, यावर वाद सुरू झाला की लोक लगेच सौजन्य, कृतज्ञता, चांगल्या सेवेचं बक्षीस यावर जातात. मला या ओळीपासून सुरुवात करायला आवडते, कारण खरा व्यवहार तिथे आहे.

आणि ही काही जहाज कंपन्यांनी शोधलेली युक्ती नव्हे. अमेरिकेत ती कायद्यातच लिहिलेली आहे. तिथे केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्याला टिप मिळते त्याला मालकाने स्वतःच्या तिजोरीतून तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतं. उरलेले ५.१२ डॉलर टिपेतून आले असं धरायचं. आले नाहीत तर मालकाने भरायचे. म्हणजे ग्राहक जी टिप ठेवतो, तिच्यातले तासाचे पहिले ५.१२ डॉलर वेटरच्या मिळकतीत भर घालत नाहीत, मालकाची देणी फेडतात. १९६६ मध्ये हॉटेल-रेस्टॉरंटमधले कामगार किमान वेतनाच्या कायद्याखाली आले तेव्हाच ही सवलत आली. १९९६ मध्ये किमान वेतन वाढवताना टिपवाल्यांचा आकडा मात्र होता तिथेच गोठवला. २.१३ हा आकडा १९९१ पासून आहे तो आहेच.

मालकाने फरक भरायचा हा नियम कागदावर भक्कम दिसतो. पण तो भरून मागायचा कोणी? ज्या मॅनेजरच्या हातात पुढच्या आठवड्याची ड्युटी लावणं आहे, त्याच्याकडे जाऊन ‘साहेब, मला टिप कमी पडली’ म्हणणारी वेटर मला दाखवा. तिला पुढच्या आठवड्यात दाराजवळचं कोपऱ्यातलं सेक्शन मिळेल. सेक्शन म्हणजे वाट्याला येणारी टेबलं. त्याचं मोल वेटरलाच विचारा. खिडकीजवळची टेबलं आणि किचनच्या दाराजवळची टेबलं यांच्या कमाईत किती अंतर असतं, ते कुठल्याच पगारपत्रकात दिसत नाही.

आता चांगल्या सेवेला चांगली टिप, या समजुतीकडे. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं: ऑर्डर घेताना टेबलाशी उकिडवं बसा, नजर प्रवाशाच्या नजरेच्या पातळीवर आणा, नाव सांगा, हसा. गुडघ्यांची वाट लागायची, पण टिप वाढायची हे खरं. नंतर कळलं की यावर चक्क अभ्यास झालेला आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन वर्षानुवर्षं टिपेवर संशोधन करत आले आहेत. वेटर टेबलाशी खाली बसला तर टिप वाढते, हे त्यांनी १९९३ मध्ये एका सहकाऱ्यासोबत दाखवलं. १९९६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात बिलावर हसरा चेहरा काढून पाहिला, तर बायकांची टिप वाढली, पुरुषांची नाही. सेवेचा दर्जा आणि टिप यांचा संबंध मात्र अगदीच क्षीण निघतो, हेही लिन यांनीच वारंवार मांडलं आहे. अमेरिकेतल्या त्यांच्या पाहणीत सारख्याच सेवेसाठी काळ्या वेटरना गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळाल्याचं दिसलं. रंग पाहून पगार देणारा मालक कोर्टात खेचता येतो. रंग पाहून टिप ठेवणाऱ्या ग्राहकाला कुठे खेचणार?

जहाजावर एक प्रवासी ऑर्डर देताना माझं मनगट धरून ठेवायचा. मेनू वाचून होईपर्यंत सोडायचा नाही. शेजारी त्याची बायको बसलेली, आणि मी ट्रेनिंगमध्ये शिकवल्याप्रमाणे हसत. हेड वेटरला सांगितलं तर तो म्हणाला, “चार रात्रींचा तर प्रश्न आहे. शेवटच्या दिवशी पाकीट देतो तो, दरवेळी येतो.” हेड वेटर वाईट माणूस नव्हता. त्याचाही त्या पाकिटात वाटा होता, एवढंच. ठरावीक पगार असता तर तो प्रवासी सभ्य झाला असता असं मी म्हणत नाही. पण हात सोडवून घेण्याची किंमत माझ्या महिन्याच्या पैशांतून वळती झाली नसती.

दुसरी गोष्ट पोटाची. जहाजावर पोट बिघडण्याची साथ आली की नियम कडक: उलटी झाली, जुलाब झाले की लगेच दवाखान्यात कळवायचं, मग केबिनमध्ये बंद. केबिनमध्ये बंद म्हणजे टेबलं दुसऱ्याला गेली आणि टिपही त्याच्यासोबत गेली. त्यामुळे मुलं गोळ्या खाऊन, पोटात कळा दाबून, प्रवाशांच्या ताटात वाढत उभी राहायची. टिप वाढवून देणाऱ्या दयाळू प्रवाशाला हे कुणी सांगत नाही की आजारी वेटर त्याच्यासमोर उभा आहे तो याच पद्धतीमुळे.

आणि भांडी घासणारे. आमच्या जहाजावर ते टिपेच्या वाटपात नव्हतेच. जेवणाची शेवटची पाळी संपून आम्ही पैसे मोजत बसायचो तेव्हा ते करपलेली पातेली खरवडत असायचे. प्रवाशाला जेवण आवडलं त्याचं श्रेय ज्यांना जायला हवं, ते त्याच्या नजरेला कधी पडतच नाहीत. न्यूयॉर्कमधले रेस्टॉरंटमालक डॅनी मायर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटमधून टिप काढून टाकायला सुरुवात केली, त्यामागे हेच मोठं कारण होतं. वेटरची कमाई वाढत गेली आणि स्वयंपाकघरातले मागे राहिले. त्यांनी भाव वाढवले, टिपेची ओळ काढली, पगार नव्याने बांधले. २०२० मध्ये, महामारीत पुन्हा दारं उघडताना, त्यांनी टिप परत आणली. मधल्या काळात त्यांचे बरेच वेटर जिथे टिप मिळते तिथे निघून गेले होते.

टिपेच्या बाजूने बोलणारे मायर यांचं उदाहरण विजयाच्या थाटात देतात. मला त्यातून वेगळं दिसतं. एका मालकाने एकट्याने टिप काढली तर त्याचा मेनू शेजाऱ्यापेक्षा महाग दिसतो आणि चांगले वेटर शेजाऱ्याकडे जातात. हे सगळ्यांना एकदम लागू व्हायला हवं, म्हणजे नियमानेच. फ्रान्समध्ये १९८७ पासून दाखवलेल्या भावातच सेवेचे पैसे धरलेले असले पाहिजेत असा नियम आहे. तिथे लोक टेबलावर सुटे पैसे ठेवतात, पण वेटरचं घरभाडं त्या सुट्या पैशांवर अडलेलं नसतं.

वेटरना स्वतःला काय हवंय, हा अवघड भाग. वॉशिंग्टन डीसीमध्ये २०१८ साली टिपवाल्यांसाठीचं वेगळं, कमी वेतन टप्प्याटप्प्याने रद्द करण्याच्या बाजूने लोकांनी मत दिलं आणि त्याच वर्षी नगर परिषदेने तो कौल मोडीत काढला. त्या वेळी हे वेतन रद्द करण्याच्या विरोधात छातीवर बिल्ले लावून उभे राहिलेल्यांत वेटर आणि बारटेंडर पुष्कळ होते. २०२२ मध्ये लोकांनी पुन्हा तोच कौल दिला, २०२५ मध्ये परिषदेने त्या टप्प्यांचा वेग कमी केला. मॅसॅच्युसेट्समध्ये २०२४ ला अशाच प्रस्तावाला मतदारांनी सरळ नकार दिला. हे सगळे मालकांनी भुलवलेले लोक होते असं म्हणणं सोपं आहे. मी म्हणणार नाही, कारण माझा एक जुना सहकारी त्यांच्यासारखाच बोलतो.

तो बारवर होता, अजूनही आहे. चांगल्या आठवड्यात त्याची कमाई आमच्या मॅनेजरच्या वर जायची. त्याचं म्हणणं: “तू पगार ठरवायला बसलीस की कुठला आकडा लिहिशील? सगळ्यात खालचा. टिप गेली, वर पगारही किमान. माझं नुकसान मला आत्ताच दिसतंय.”

पगारपत्रकं करणारी बाई म्हणून मला हे नाकारता येत नाही. मालकाला मोकळं सोडलं तर तो किमान आकडाच लिहील. म्हणून ‘ठरावीक पगार’ एवढं म्हणून भागत नाही, तो ठरवताना टेबलावर कोण बसलंय हेही पाहावं लागतं. अमेरिकेतल्या रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांवर पुलमन कंपनीने गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांना पोर्टर म्हणून घेतलं ते याच हिशेबाने: पगार तुटपुंजा, बाकी टिपेवर भागवा. प्रवासी त्यांच्यातल्या कुणालाही ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारत, मालक जॉर्ज पुलमन यांच्या नावावरून. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली पोर्टरांनी संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करायला लावला. पगार वाढला, कामाचे तास कमी झाले. बारा वर्षं लागली, पण आकडा कंपनीने एकटीने लिहिला नाही.

माझं मत टिपेवर बंदी घाला असं नाहीच. अमेरिकेतल्या काही राज्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिप घेण्या-देण्यावर बंदी घालून पाहिली. १९२६ पर्यंत ते सगळे कायदे गेले. कुणाला खूश होऊन पैसे द्यायचे असतील तर देऊ देत. टिप पगारात मोजणं मात्र बंद झालं पाहिजे. ब्रिटनने २००९ पासून टिप किमान वेतनात धरायला मनाई केली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जमा झालेली टिप पूर्णपणे कामगारांनाच वाटण्याची सक्ती केली. कॅलिफोर्निया, ओरेगन, मिनेसोटा धरून अमेरिकेतल्या सात राज्यांत वेटरला आधी पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, टिप त्याच्या वर. तिथली रेस्टॉरंट ओस पडलेली नाहीत आणि टिपही थांबलेली नाही.

उलट दिशेलाही पावलं पडताहेत. अमेरिकेने २०२५ पासून टिपेच्या २५,००० डॉलरपर्यंतच्या मिळकतीवर आयकरात वजावट दिली, २०२८ पर्यंत. वेटर खूश आहेत, आणि का नसावेत? पण त्याच हॉटेलातला भांडी घासणारा पगारावर पूर्ण कर भरतो आणि मालकाला पगार वाढवण्याचं एक कारण आणखी कमी होतं.

बारवाल्या मित्राचा मध्यंतरी फोन आला होता. घरासाठी कर्ज हवं होतं आणि बँकेने पगाराच्या स्लिपा मागितल्या. स्लिपेवर मूळ पगार, बाकी कोरं. “एवढी वर्षं एवढं कमावतोय, कागदावर मी भिकारी,” म्हणाला. मी म्हटलं, आजारपणाची रजाही याच कागदावरून मोजतात, निवृत्तीचे पैसेही. यावर तो थोडा वेळ बोलला नाही, मग मूळ मुद्द्यावर आला: “ठीक आहे. पण आकडा सांग.”

आकडा असा काढता येईल, मी त्याला लिहून पाठवलं. मागच्या तीन वर्षांच्या टिपेची सरासरी घ्यायची, मंदीचे महिने धरून. ती मूळ पगारात घालायची. ग्राहक ती रक्कम आजही देतोच आहे, तेवढीच मेनूच्या भावात चढवायची. स्वयंपाकघराची वाढ मात्र वेटरच्या वाट्यातून काढायची नाही, ती मालकाने नफ्यातून द्यायची. आणि दरवर्षी महागाईप्रमाणे आकडा वर सरकलाच पाहिजे, नाहीतर २.१३ होतो. शेवटच्या दोन अटींवर आमचं एकमत आहे. सरासरीवर तो अजून घासाघीस करतोय. त्याला मंदीचे महिने वगळून हवेत.