रिपनपासून पुढे बोलायचं नाही

अमेरिकेतल्या ऑशकोशला स्वतःच्या विमानाने निघालं की वाटेत रिपन नावाचं गाव लागतं. तिथून पुढे वैमानिकाने रेडिओवर बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. मला या प्रवासाचं सगळ्यात जास्त वेड लागलं ते या नियमामुळे.

जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातल्या या ऑशकोशच्या विटमन विमानतळावर हौशी वैमानिकांचा आठवडाभराचा मेळा भरतो, एअरव्हेंचर. त्या दिवसांत इथे आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून 10,000 हून जास्त विमानं उतरतात. इतके जण एकाच वेळी बोलू लागले तर कोणाचंच कोणाला ऐकू जायचं नाही.

आम्ही दोघे निघालो सेसना 172 या छोट्या विमानातून. मित्र वैमानिक, मी शेजारच्या खुर्चीत. उड्डाणाआधी त्याने पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक पेल्यात थोडं पेट्रोल काढलं आणि पेला उजेडात धरला. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी शिरलं असेल तर त्याचा थेंब तळाशी वेगळा दिसतो. दोन्ही पंखांचं तपासलं, मग इंजिनाखालचंही. कुठेच थेंब नव्हता, तरी त्याने पेला पुन्हा एकदा डोळ्यांसमोर धरला. अशा माणसाबरोबर उडायला मला भीती वाटत नाही.

रिपनवर खाली रेल्वेचे रूळ दिसले. ते धरून फिस्क गावाकडे जायचं, वेग 90 नॉट (ताशी 90 सागरी मैल), उंची 1,800 फूट, एकामागोमाग एक, अर्ध्या मैलाच्या अंतराने. ही उंची समुद्रसपाटीपासूनची, म्हणजे जमीन जेमतेम हजार फूट खाली. शेतं, गोठे, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं स्पष्ट दिसत होतं, पण बघायला वेळ कुठला! "उजवीकडे बघत राहा, विमान दिसलं की लगेच सांग," मित्र म्हणाला आणि गप्प झाला.

पुढे गर्दी झाली होती. रश लेकवर थांबा, असा आदेश आला. हवेत थांबणं म्हणजे तळ्याभोवती डावीकडे वळत घिरट्या घालणं. वीसेक मिनिटं आम्ही तेच केलं. मी बोटाने दाखवत विमानं मोजत होतो. सातनंतर मोजणं सोडलं आणि नुसता पाहत राहिलो.

मग पुन्हा रूळ, आणि फिस्क. तिथे जमिनीवर उभे असलेले, विमानांची वाहतूक सांभाळणारे कंट्रोलर दुर्बिणीतून विमानाचा रंग आणि ठेवण पाहून हाक मारतात. "व्हाइट हाय-विंग, रॉक युअर विंग्ज!" म्हणजे वर पंख असलेल्या पांढऱ्या विमाना, पंख हलव. मित्राने पंख जोरात डावी-उजवीकडे हलवले. क्षितिज झुललं, माझं डोकं खिडकीला लागलं. "गुड रॉक!" एवढ्यावर आमची ओळख पटली. नाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. खालच्या माणसाने आम्हाला पाहिलं आणि आम्ही त्याचं ऐकलं, बस्स.

उतरायचं होतं हिरव्या ठिपक्यावर. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात आणि एकाच पट्टीवर वेगवेगळ्या ठिपक्यांवर पाठोपाठ विमानं टेकतात. आमची चाकं टेकली तेव्हा मागचं विमान आधीच्या ठिपक्यावर उतरत होतं.

गवतात विमान दोरांनी बांधलं, पंखाखाली तंबू ठोकला. शेजारचं विमान मालकाने घरच्या गॅरेजमध्ये बांधलेलं. हा मेळाच मुळी अशा लोकांचा: 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी घरी विमान बांधणाऱ्यांची संघटना काढली, आणि 1970 पासून त्यांचा मेळा ऑशकोशला भरतो. शेजाऱ्याने मला पंखावरून हात फिरवू दिला. पत्रा जोडणारे हजारो रिव्हेट, पण बोटाला एकही लागेना. किती वर्षं लागली, विचारलं. "मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा सुरू केलं, ती कॉलेजात गेली तेव्हा उडालं," तो म्हणाला.

रात्री आठला विमानतळ बंद होतो. पावणेआठच्या सुमाराला शेजाऱ्याच्या हातातल्या छोट्या रेडिओवर फिस्कचा आवाज आला, "येलो लो-विंग, रॉक युअर विंग्ज." मग शांतता. आम्ही दोघेही नकळत श्वास रोखून उभे. "गुड रॉक!" थोड्या वेळाने झाडांवरून एक पिवळं विमान आलं आणि दूरच्या ठिपक्यावर अलगद टेकलं.