तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा, चित्रकादंबरी की गेम?

आवडत्या गोष्टींचा विषय निघाला की मी सिनेमाच्या पंगतीला व्हिडिओ गेमही बसवते. मग हमखास प्रश्न येतो, "गेममध्ये कसली आलीय गोष्ट? आणि तुमची खरी आवड कुठली, एक काय ते सांगा."

सांगते. माध्यम कुठलं, याने मला फरक पडत नाही. गोष्ट मला लांबून नुसतं बघत बसू देते का, एवढंच मी बघते. बसू देत नसेल, तर ती माझी.

म्हणून आधी गेमच घेते: ‘पेपर्स, प्लीज’. लुकस पोप यांनी २०१३ साली आणला. आर्स्टोट्झ्का नावाचा काल्पनिक देश, साल १९८२, आणि आपण सीमेवरच्या चौकीतले कारकून. खिडकीशी एकेक माणूस येतो, पासपोर्ट पुढे सरकवतो. फोटो जुळतोय का, मुदत संपली का, परवाना खरा का, ते तपासायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा. माणशी पाच क्रेडिट, म्हणजे गेममधले पैसे. संध्याकाळी त्यातूनच घरभाडं, जेवण, थंडीत घर गरम ठेवण्याचा खर्च आणि आजाऱ्याचं औषध भागवायचं.

सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो. कागद चोख. जाता जाता विनवतो, मागून बायको येतेय, तिला सांभाळून घ्या. ती येते, पण तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. आता गंमत बघा. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद मिळते, तिसरीपासून पैसे कापले जातात. म्हणजे दिवसाला दोनदा दया दाखवणं परवडतं. त्या बाईला मी आत सोडलं आणि पुढे रांगेतल्या प्रत्येकाची कहाणी ऐकताना मनात हिशेब सुरू झाला: उरलेली एक सूट याच्यावर खर्चायची, की आणखी कुणासाठी राखून ठेवायची? घरी मुलगा आजारी असला की हात आपोआप लाल शिक्क्याकडे जातो. भला माणूस सरकारी खुर्चीत बसल्यावर दगड कसा होतो, यावर मी पुष्कळ वाचलंय. ते मला पटलं या खिडकीमागे बसल्यावर. सिनेमात हाच कारकून असता, तर मी त्याला शिव्या घालून घरी आले असते.

अर्थात सिनेमालाही हे जमतं. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त खालच्या मानलेल्या जातीतल्या शाळकरी जब्याचं कुटुंब डुक्कर पकडत असतं आणि गाव कडेला उभं राहून तमाशा बघत असतं. एवढ्यात शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो, घरचेही थांबतात, आणि हाताशी आलेलं डुक्कर निघून जातं. थिएटरात तिथे हशा पिकला होता. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून आपल्या अंगावर येतो, तेव्हा कळतं की कडेला उभं राहून हसणाऱ्यांत आपणही होतो. मराठीत इतका नेमका शेवट मी दुसरा पाहिलेला नाही.

चित्रकादंबरीत माझं नाव ठरलेलं आहे, आर्ट स्पीगलमन यांची ‘माउस’. ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. १९९२ साली तिला अमेरिकेतला विशेष पुलित्झर पुरस्कारही मिळाला. पण मला जखडून ठेवतो तो त्यातला लेखकाचा म्हातारा बाप, व्लाडेक. नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीतून जिवंत सुटलेला हा माणूस पैशापैशावरून बायकोशी भांडतो. सुनेने रस्त्यात एका कृष्णवर्णीयाला गाडीत घेतलं, तर भयंकर चिडतो. सून उसळून विचारते की इतकं सोसलेला माणूस असं बोलूच कसा शकतो? त्याला त्यात काहीच विसंगत दिसत नाही. ज्याने सोसलं तो संतच असणार, असं धरून मी वाचत होते. ते पान उलटायला मला वेळ लागला.

एकच निवडा म्हणाल, तर मी ‘माउस’ निवडेन. पण गेममध्ये गोष्ट नसते असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर सुरुवात ‘पेपर्स, प्लीज’पासून करा. २०२२ पासून तो मोबाइलवरही आहे, महागडं यंत्र लागत नाही. आणि त्या बाईचं तुम्ही काय केलंत, ते मला नक्की कळवा.